१:५० क्रेन आणि यंत्रांचा संग्रह: जागा, दोरा, वजन आणि झीज

जाळीबूम

संग्रहात सध्या १:५० ची, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या भागाची मॉडेलं आहेत: तीन पोकलेन, एक व्हील लोडर आणि एक डोझर. आता पहिली जाळीच्या बूमची (बूम म्हणजे क्रेनचा लांब हात) क्रॉलर, म्हणजे चेनवर चालणारी, क्रेन घ्यायची आहे. कपाटाचा खण आतून ९० सेंमी रुंद, ४० सेंमी खोल, ६० सेंमी उंच. स्केल बदलायचं नाही.

विचारायचं ते असं: या खणात काय उभं राहील? डब्यातला दोरा तसाच ठेवायचा की बदलायचा? जोडणी कोणत्या क्रमाने करायची? आणि सेकंड हँड घेताना नेमकं कुठे बघायचं?

पन्नासास_एक

आधी जागा, कारण बाकी सगळं दुरुस्त करता येतं, कपाट ताणता येत नाही.

१:५० चं गणित तोंडी होतं. खऱ्या यंत्राचे मीटर घ्या, दुप्पट करा, सेंटीमीटर मिळाले. क्रेन बनवणाऱ्या लीबहेर कंपनीच्या एलटीएम ११२००-९.१ चा टेलिस्कोपिक, म्हणजे एकातून एक सरकत लांब होणारा, बूम १०० मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये पूर्ण उघडल्यावर २ मीटर. एलटीएम १५००-८.१ चा ८४ मीटरचा बूम १६८ सेंमी. हे राक्षस राहू द्या, दोन आसांच्या एलटीएम १०३०-२.१ चा ३० मीटरचा बूमसुद्धा ६० सेंमी होतो. तुमच्या खणात तोही पूर्ण उघडून सरळ उभा राहणार नाही.

खण ६० सेंमीचा म्हणून बूम ६० सेंमीचा, असा हिशेब करू नका. बूमचा पाय जमिनीला टेकलेला नसतो. मोठ्या क्रॉलरवर तो मॉडेलमध्ये ५ सेंमीच्या आसपास उंचीवर असतो. वर टोकाच्या कप्प्या आणि काढता-घालताना हात जायला किमान ३ सेंमी सोडा. उरले ५२. बूम ८० अंशांत उभा केला तर लांबी साधारण ५३ सेंमी, म्हणजे खरा २६ मीटर. ६० अंशांत ६० सेंमी बसतो. ४५ अंशांत ७३ सेंमी बसतो, पण तेव्हा बूमचं टोक पायापासून ५२ सेंमी पुढे जातं आणि मागे काउंटरवेटची (तोल सांभाळणाऱ्या वजनाची) शेपटी १५-२० सेंमी असते. ९० च्या रुंदीत तेही मावतं. मात्र जाळीची क्रेन ४५ अंशांत वाकलेली बघायला काही मजा नाही, हे माझं मत.

त्यामुळे तीन वाटा उरतात. मधले इन्सर्ट, म्हणजे लांबी वाढवणारे तुकडे, काढून फक्त पायाचा आणि टोकाचा सेक्शन जोडून आखूड बूम लावणं. खऱ्या कामावरही कमी सेक्शनचा बूम लावतातच, त्यामुळे हे खोटं दिसत नाही. दुसरी, कपाटाच्या माथ्यावर उघडी ठेवणं, मग धुळीशी कायमची गाठ. तिसरी मला सगळ्यात आवडते: क्रेन सुटी करून वाहतुकीच्या स्थितीत मांडणं. मूळ अंग लो-बेडवर (बुटक्या ट्रेलरवर), बूमचे सेक्शन एकात एक सरकवून दुसऱ्या ट्रेलरवर, काउंटरवेटच्या लाद्या तिसऱ्यावर. उंची २० सेंमीच्या आत राहते आणि एरवी खोक्यात पडून राहणारे भाग दिसतात.

क्रॉलरच्या चेनची किंवा आउटरिगरची (क्रेन स्थिर ठेवायला बाजूला पसरणाऱ्या पायांची) रुंदीही मोजा. मोठ्या मोबाइल क्रेनचे आउटरिगर पसरले की १० मीटरच्या आसपास, म्हणजे २० सेंमी खोली तिथेच गेली.

एक जाता जाता. आपण सगळे सर्रास 'पोकलेन' म्हणतो, पण पोक्लेन ही फ्रान्सची कंपनी होती. त्या नावाने शोधलंत तर तिची जुनी लाल यंत्रं समोर येतील. बाकी सगळ्यांसाठी 'एक्स्कॅव्हेटर' शोधा. 'जेसीबी'चंही तेच, तिथे 'बॅकहो लोडर' हा शब्द लागतो.

कप्पीदोर

दोऱ्याबद्दल मी सविस्तर लिहितो, कारण क्रेनचं मॉडेल खरं वाटतं की खेळण्यासारखं, हे दोऱ्यावर ठरतं.

जाडी आधी. खरा होइस्ट रोप, म्हणजे हुक वर-खाली करणारा दोर, २५ मिमी असेल तर मॉडेलला ०.५ मिमी. २८ मिमीसाठी ०.५६. डब्यात येणारा दोरा बहुतेक वेळा याच्या जवळपास असतो, पण पिळाचा आणि लव असलेला. जाड दोरा घेतला तर तो गुंडाळणारा ड्रम लवकर भरतो आणि शेवटचे वेढे कडेला चढून अडकतात. बारीक घेतला तर त्याहून वाईट: दोरा कप्पीच्या खाचेतून उतरतो आणि कप्पी व बाजूची पट्टी यांच्यामधल्या फटीत रुततो. मग विंच (ड्रम फिरवणारी यंत्रणा) फिरवली की दोराच तुटतो किंवा ड्रमचं प्लॅस्टिक गिअर जातं. ही सगळ्यात नेहमीची मोडतोड आहे आणि दोष गिअरला दिला जातो.

नायलॉनचा एकसंध तंगूस वापरू नका. तो गुंडाळीचा आकार लक्षात ठेवतो, हलक्या हुकखाली स्प्रिंगसारखा लोंबतो. पिळाचा दोरा हुक ब्लॉकला (हुक आणि त्याच्या कप्प्यांच्या ठोकळ्याला) गरगर फिरवतो. विणलेला पॉलिस्टर दोरा सगळ्यात बरा, काळसर करडा.

लांबी कशी काढायची? बूमचं टोक टेबलापासून ८० सेंमीवर आहे आणि हुक १० सेंमीपर्यंत खाली यायला हवा, म्हणजे प्रवास ७० सेंमी. ६ फेऱ्यांचं रीव्हिंग असेल, म्हणजे डोकं आणि हुक ब्लॉक यांच्यामध्ये दोरा ६ वेळा ओवलेला असेल, तर ७० गुणिले ६, झाले ४२० सेंमी. विंचपासून टोकापर्यंत बूमची लांबी ८०, ड्रमवर कायम राहणारे वेढे ३० धरा. ५३० झाले, ६ मीटर कापा. याचा दुसरा अर्थ असा की हुक १ सेंमी खाली यायला विंचने ६ सेंमी दोरा सोडावा लागतो. फेऱ्या उगाच वाढवल्या की हलवायचा कंटाळा येतो.

फेऱ्यांचा नियम: हुक ब्लॉकमध्ये जितक्या कप्प्या, त्याच्या दुप्पट फेऱ्या, जर दोऱ्याचं मेलेलं टोक बूमच्या डोक्यावर बांधलं तर. तेच टोक हुक ब्लॉकवर बांधलं तर एक जास्त. म्हणजे ३ कप्प्यांच्या ब्लॉकवर ६ किंवा ७. पण ७ साठी डोक्यावर ४ कप्प्या हव्यात. आधी मोजा.

ओवताना बूम आडवा टेबलावर. हुक ब्लॉक त्याच्या टोकापासून २५ सेंमीवर, पुटीच्या गोळ्यात उभा रुतवून. दोऱ्याच्या टोकाला ३ सेंमीपर्यंत सुपरग्लू चोळा, वाळू द्या, मग तिरकं कापा. सुईसारखं टोक मिळतं. प्रत्येक फेरीनंतर मागची फेरी चिमट्याने ओढून ताठ करा. एखादी फेरी दुसरीला ओलांडत नाही ना, हे डोक्याच्या बाजूने समोरून बघा. शेवटी बघितलंत तर पहिल्यापासून ओवावं लागतं.

सगळ्या कप्प्या वापरायच्या नसतील तर मधल्या वापरा. एकाच बाजूच्या वापरल्या की ब्लॉक तिरका लटकतो.

अर्धामिमी

> विणलेला पॉलिस्टर दोरा सगळ्यात बरा

याच्याशी पूर्ण सहमत नाही. मासेमारीचा विणलेला पीई (पॉलिइथिलीनचा) दोरा ०.४ किंवा ०.५ मिमीमध्ये मिळतो, त्याला लव अजिबात नसते आणि तो ताणला जात नाही.

कप्पीदोर

खरं आहे, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तो इतका गुळगुळीत असतो की साधी गाठ सुटते; ड्रमवर बांधताना तीन वेढे घेऊन वर गोंदाचा थेंब लागतो, आणि गोंदही त्यावर नीट धरत नाही. दोन, करडा रंग हाताला लागतो आणि कालांतराने उडतो. तीन, चकाकतो. खरा वायररोप ग्रीस लागलेला, मंद दिसतो. पॉलिस्टरची लव मेणाने बसते: मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढा, मग कापडातून ओढून जास्तीचं मेण काढा. मेण जाड राहिलं तर धूळ धरतं आणि कप्पीच्या खाचेत काळा थर साचतो.

रिगर

जोडणीचा क्रम. पुस्तिका असेल तर तिच्याप्रमाणेच जा, पण पुस्तिकेत 'का' लिहिलेलं नसतं.

डबा उघडल्यावर फोमच्या प्रत्येक थराचा, भाग जागेवर असताना, वरून फोटो काढा. परत भरताना कोणता पेंडंट (बूमला मागून ताणून धरणारी पट्टी) कुठे होता हे कोणालाही आठवत नाही. मग भाग यादीशी मोजून घ्या. पिना आणि नट कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवा, खाली फिकट रंगाचं कापड. १.४ मिमीचा नट फरशीवर पडला की गेला.

खालचं अंग आणि चेन आधी. वरचं अंग बसवून पूर्ण एक फेरा फिरवून बघा; अडखळत असेल तर आत्ताच बघा, बूम चढल्यावर नाही. बूमचे सेक्शन सपाट टेबलावर ओळीने जोडा. सगळ्या पिना किंवा स्क्रू आधी सैल बसवा, मग बूमच्या कडेला स्टीलची पट्टी लावून सरळ आहे का बघा, आणि पायाकडून टोकाकडे घट्ट करत जा. एकेक जोड पूर्ण आवळत गेलात तर प्रत्येक जोडातला थोडा तिरकसपणा साठत जातो आणि शेवटी बूम केळ्यासारखा वाकतो. स्क्रू दोन बोटांत स्क्रूड्रायव्हर फिरेल तेवढाच आवळा. जस्ताच्या मिश्रधातूतले आटे स्टीलच्या स्क्रूपुढे टिकत नाहीत, आणि जोडाचा कान (पिन घालायचं भोक असलेला भाग) एकदा तडकला की तो जागेवर चिकटवून भार घेत नाही.

पेंडंट पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला एकाच क्रमाने लावा. लांबी वेगवेगळी असलेल्या दोन पट्ट्यांची एका बाजूला अदलाबदल झाली तर एकूण लांबी तीच राहते, पण जोडांच्या जागा जुळत नाहीत आणि ते लगेच डोळ्यात भरतं. एका बाजूला आखूड पट्टी गेली तर बूम पिळतो.

होइस्टचा दोरा बूम आडवा असतानाच ओवून घ्या. मग सगळे काउंटरवेट चढवा. बूम उभा करणं त्यानंतर. आणि इथे एक नियम मोडू नका: बूम विंचने उचलायचा नाही. एक हात बूमच्या टोकाखाली, उचलायचं काम त्या हाताचं. दुसऱ्या हाताने विंच फक्त ढील गोळा करेल. आडव्या स्थितीत दोऱ्यावर सगळ्यात जास्त ताण असतो, आणि मॉडेलची विंच धरून ठेवण्यासाठी असते, ओढण्यासाठी नाही. ७० अंशांच्या वर गेल्यावर मागचे बॅकस्टॉप (बूमला मागे पडू न देणारे दांडे) आपापल्या खोबणीत बसतायत का ते बघा. एक बाहेर राहिला तर बूम मागे झुकताना तो वाकतो.

सुपरलिफ्ट असेल, म्हणजे मागे डेरिक मास्ट (जास्तीचा खांब) आणि लोंबता काउंटरवेटचा ट्रे, तर तो हवेत ठेवायचा मोह टाळा. ट्रे फळीवर टेकलेला आणि त्याचे पेंडंट नुकतेच ताठ, एवढंच. हुकला भार नसताना ट्रे हवेत लटकवला की त्याचं वजन सतत मास्टला मागे खेचतं. आधी पिना वाकतात, मग मॉडेल.

मोबाइल क्रेनचे आउटरिगर जॅक आट्यांचे असतात. चारही आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा. एकच कोपरा पूर्ण वर नेलात तर चासी पिळते आणि आटे सोलले जातात. टायर फळीवरून कागद सरकेल इतके उचलले की थांबा.

जस्तवेडा

सेकंड हँडसाठी. टॉर्च तिरका धरा, समोरून नाही. शोधायचं ते रंगातलं बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखं चिरणं, फोड, आणि सरळ असायला हवी ती कड वाकलेली. ही जस्ताची कीड. सुरुवात बऱ्याचदा चासीच्या खालच्या बाजूला आणि बूमच्या जोडांच्या कानांवर दिसते. दाराचं किंवा बॉनेटचं झाकण आधी बसायचं आणि आता बसत नाही, हीसुद्धा खूण, कारण किडलेला धातू फुगतो.

कारण धातूतच असतं. डायकास्टला, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या मॉडेलला, वापरतात तो झामाक, म्हणजे जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनिअम आणि थोडं मॅग्नेशिअम व तांबं. हा मिश्रधातू न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये आणला, आणि त्याचं मर्मच हे की जस्त ९९.९९ टक्के शुद्ध हवं. त्यात शिसं, कथील किंवा कॅडमिअम अगदी थोडं मिसळलं तरी कणांच्या सीमांवर गंज आतून सुरू होतो. दमट आणि उष्ण हवेत वेग वाढतो.

शोकेस

आणि किडलेलं मॉडेल इतरांपासून दूर ठेवायचं, नाहीतर पसरते, बरोबर?

जस्तवेडा

नाही, पसरत नाही. नाव कीड असलं तरी हा संसर्ग नाही. शेजारच्या मॉडेललाही तडे दिसू लागले तर त्याचं कारण एवढंच की तेही त्याच खराब धातूच्या खेपेतलं आहे किंवा त्याच दमट खणात आहे. उपायही नाही. कोरड्या जागी ठेवून वेग कमी करता येतो, इतकंच. तड्यांत गोंद भरून वर रंग मारलेला नमुना विकायला आला तर रंगाची जाडी कडांवर दिसते.

उघड्या धातूवर पांढुरकी भुकटी दिसली तर घाबरून जाऊ नका. पुसून गेली आणि खाली तडा नसेल तर तो वरवरचा ऑक्साइड, बहुतेकदा बोटांच्या घामाचा.

बाकी तपासणी: हुक ब्लॉक मूळचा आहे का, केबिनचे आरसे, कठडे, शिडी, सगळ्या काउंटरवेट लाद्या, पिनांची पिशवी. विकणाऱ्याकडे मॉडेलचा फोटो न मागता रिकाम्या फोमचा आणि भरलेल्या फोमचा, असे दोन मागा. रिकामे राहिलेले खड्डे लगेच कळतात. काचा धुरकट असतील तर कोणीतरी सुपरग्लूने दुरुस्ती केली आहे. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरा थर सोडते. अक्षरांवर तिरका उजेड टाकून बघा: पॅडने छापलेल्या अक्षराला कड जाणवत नाही, स्टिकरला भोवती पारदर्शक पापुद्रा दिसतो.

पन्नासास_एक

रंगाबद्दल एक पुस्ती. जुनी कॅटरपिलर घेत असाल तर सन बघा. कंपनीची यंत्रं १९३१ पर्यंत करड्या रंगाची असायची, त्या वर्षी 'हायवे यलो' आला, आणि १९७९ मध्ये त्याची जागा आत्ताच्या पिवळ्याने घेतली. १९२० च्या दशकातला ट्रॅक्टर चकचकीत पिवळा दिसला तर तो नंतर पुन्हा रंगवलेल्या यंत्राचा नमुना आहे, नाहीतर बनवणाऱ्याची चूक.

आणि दुहेरी खरेदी टाळा. कॅटरपिलरची मॉडेल्स आधी नॉरस्कॉट काढायची, नंतर डायकास्ट मास्टर्स, आणि बऱ्याच जुन्या साच्यांतून दोन्ही नावांनी मॉडेल्स निघाली. डब्यावरचा नंबर वेगळा, आतला ऐवज तोच. यादी ठेवताना खऱ्या यंत्राच्या नावासोबत बनवणाऱ्याचं नाव, त्याचा नंबर, स्केल, रंगसंगती आणि गहाळ भाग असे रकाने ठेवा. मॅमूट या अवजड उचल करणाऱ्या कंपनीच्या लाल-काळ्या रंगातली क्रेन आणि तीच उत्पादकाच्या पिवळ्या रंगातली क्रेन वेगळे नंबर घेऊन येतात. नुसतं क्रेनचं नाव लिहिलं तर पाच वर्षांनी स्वतःचीच यादी कळत नाही.

शोकेस

मांडणीत मॉडेलं खराब होतात ती बहुतेक न पडताच.

मऊ टायर पीव्हीसीचे असतील तर त्यातला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि पॉलिस्टायरीनला वितळवतो. टायर थर्मोकोलमध्ये किंवा स्टायरीनच्या तळावर महिनोन्‌महिने टेकले की खड्डा पडतो आणि टायर चिकटतो. डब्यात ठेवताना टायर आणि थर्मोकोलमध्ये ॲल्युमिनिअम फॉइल घाला. मांडताना आउटरिगरवर उचला, किंवा आसाखाली लपतील असे ठोकळे ठेवा. वजनदार मॉडेलचे टायर चपटे होण्यापासूनही वाचतात.

बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नका. दमट हवेत बुडबुड्यांचे गोल ठसे रंगावर उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. आधी आम्लमुक्त टिशू, मग रॅप. जुना पिवळा स्पंज चुरा होऊन रंगाला चिकटतो. चिकट लागायला लागला की फेकून द्या आणि त्याच आकाराचा पॉलिइथिलीन फोम कापा.

नवं एमडीएफचं कपाट महिनाभर उघडं राहू द्या. त्यातून आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकोनमधून निघणारी आम्लाची वाफ बंद खणात साचते. शिसं भरून जड केलेले भाग असतील तर त्यांच्यावर पांढरी भुकटी येते. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघा. सिलिका जेल ठेवलीत तर ती भरल्यावर भाजून कोरडी करा, नुसती पुडी वर्षभर ठेवून उपयोग नाही.

धुळीसाठी मेकअपचा मऊ ब्रश आणि हवेचा रबरी फुगा. चिकट मळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, कापसाची काडी, लगेच कोरडं. छापलेल्या अक्षरांवर अल्कोहोल नको.

जाळीबूम

क्रेन घेतली, दोरा बदलून ६ फेऱ्या ओवल्या. वर घेताना हुक ब्लॉक नीट येतो. खाली सोडताना मात्र ड्रमवर दोरा सैल होतो आणि ब्लॉक तिथेच राहतो.

कप्पीदोर

ब्लॉक हलका पडतोय. आधी कप्प्या फिरतायत का ते बघा; काही मॉडेलांत त्या ओतीव असतात, दोरा नुसता घासत जातो. फिरणाऱ्या असतील तर रंग आसावर आला आहे का पाहा आणि टोकदार काडीने काढा. तेल नको, दोऱ्यात मुरतं. तरीही उतरत नसेल तर ब्लॉकच्या बाजूच्या पट्ट्यांच्या आत बसेल अशी पितळी पट्टी कापून काळी रंगवून चिकटवा, किंवा फेऱ्या ६ वरून ४ करा. पारख अशी: ब्लॉक बोटाने ५ सेंमी वर उचला आणि सोडा. फेऱ्या ताठ होत तो स्वतःहून खाली आला पाहिजे.

भार टांगून ठेवायचा असेल तर काउंटरवेटची एक लादी पुरे. जास्त वजन कायम टांगलं की टेलिस्कोपिक बूमचे टप्पे सरकत आत येतात आणि प्लॅस्टिकच्या कप्प्यांचे आस वाकतात.

जाळीबूम

मधल्या कप्पीच्या आसावर रंग होता. काढल्यावर ब्लॉक उतरतो. शेवटचा प्रश्न जुन्या पोकलेनबद्दल: बूम वर करून ठेवला की रात्रीत बकेट जमिनीला टेकते.

रिगर

सिलिंडरच्या दांड्यांची पकड गेली आहे. मॉडेलमध्ये तेल नाही, बूमला धरून ठेवतं ते दांडा आणि नळीमधलं घर्षण. दांडा बाहेर काढता येत असेल तर पुसून त्यावर पारदर्शक वॉर्निशचा एक पातळ हात द्या, पूर्ण एक दिवस वाळू द्या, मगच आत घाला. ओलं घातलंत तर सिलिंडर कायमचा जाम. एका हाताने भागलं नाही तर दुसरा द्या, पण पहिलाच जाड नको. सिलिंडर रिव्हेटने बंद असेल तर बूमच्या पायाच्या खिळीवर बघा: कान आणि बूममध्ये पातळ प्लॅस्टिकची गोल चकती सरकवता आली तर तेवढ्याने धरतो. नळीचं तोंड पकडीने दाबून बघू नका, धातूची नळी तडकते आणि तो सिलिंडर सुटा मिळत नाही.